निकालाआधीचे रोडगे

१२ जानेवारी

लागलं! यादीत नाव लागलं! दुसऱ्या ओळीत मी — आकांक्षा. पहिल्या ओळीत प्रणाली. बस, दोघीच. अन् जागा एक!

जपानच्या एका लहान गावातल्या विद्यापीठात पूर्ण एक सत्र. राहणं-खाणं सगळं त्यांच्याकडून. आमचं विद्यापीठही उलशीकच — अमरावतीच्या बाहेर, एका दमात पूर्ण फिरून होते. पण इथं इतिहासासोबत नाच घेता येते, गणितासोबत मातीकाम. गावाकडं सांगतलं की लोक विचारतात, "म्हणजे नेमकं काय होशील वं पोरी?" मले तरी कुठं माहीत! मले फक्त दूर जाऊन पाहायचं आहे. नागपूरच्या पुढं गेली नाही मी अजून.

प्रणालीनं मिठी मारली. मीही मारली. माझी रूममेट, चांदूर रेल्वेची, अन् माझ्यापेक्षा हुशार. हे मी इथंच लिहीन, दुसरीकडं कुठं कबूल करणार नाही.

१४ जानेवारी

जीव थाऱ्यावर नाही. प्रणालीनं तिळगूळ देला — "गोड बोल." मी म्हटलं, "मुलाखत होईस्तोवर तुह्याशी बोलतच नाही." ती हसली. मी मजाक नव्हती करत.

१७ जानेवारी

मुलाखत २९ ले. दोघींचा विषय एकच — मागच्या वर्षी सेमाडोहले राहून केलेलं काम. वाघ पाहाले येणारे पर्यटक अन् तिथं राहणारे लोक. टिपणं सगळी मी काढली. रात्रंदिवस मी लिहिलं! पण लोक बोलले ते प्रणालीशी. मी प्रश्न विचारला की बाया उठून आत जात. ती चुलीपाशी बसली की त्यायच्या गोष्टी सुरू. मुलाखतीत हे दिसणारच. मुलाखत घेणाऱ्या आमच्या मॅडम पुण्याच्या, तोंडावर बोलतात — "आकांक्षा, तू फार घाई करतेस." घाई नाही तं काय करू? आयुष्य भिजत घालू?

आता प्रणाली आरशासमोर उभी राहून जपानीत नमस्कार करून राहिली. वाकते काय, हसते काय! मी पुस्तक आपटलं टेबलावर. तिनं विचारलं, "काहून वं?" म्हटलं, मच्छर होता.

१९ जानेवारी

बाबानं घोळ घातला. घोळ म्हणजे महाघोळ!

यादीचा फोटो मी घरी पाठवला होता. पण आमच्या बाबाच्या हिशोबानं यादीत नाव आलं म्हणजे काम फत्ते. नोकरीची यादी असो का लग्नाची — यादी झाली की मांडव टाका. आईनं वावरातल्या मारोतीले नवस बोलला होता, पोरीचं काम झालं तर गावाले रोडगे खाऊ घालीन. बाबा तो फेडूनच राहिले! येत्या रविवारी. गोवऱ्या काढून ठेवल्या, सगळ्याईले सांगूनही झालं.

मी फोनवर वरडली, "बाबा, अजून मुलाखत हाये! माहं काही झालं नाही!"

"अवं, दोघीतून एक काढाची हाये न? मंग? माही पोरगी कोणापेक्षा कमी हाये काय?"

"तुमी देवाले फसवून राहिले."

"देवाले ॲडव्हान्स देल्ला समज."

मागून आई — "उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग!" पण तिचाही आवाज खुशीतलाच. वरून हुकूम, "प्रणालीले घेऊन ये. तिच्याबिगर आली तं घरात घेत नाही."

तिले आता कोणत्या शब्दात सांगू ही पंगत कायची हाये!

२२ जानेवारी

सांगतलं. तिनं वही मिटली. मंग म्हणे, "वांग्याची भाजी राहीन न? मंग येतेच."

२५ जानेवारी, घरी

पूर्ण गाव आलं होतं. वावरात सकाळपासून धूर. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेले कणकेचे रोडगे फोडून त्यावर तूप, वरण, वांग्याची भाजी. मोठेबाबा — बाबाचे मोठे भाऊ, खुशालराव — त्यायनं माझ्या गळ्यात हार घातला! "जपानवाली आली!" एक बाई विचारे, तिकडं तुरीची डाळ भेटते काय? मी हो-हो करत राहिली. नाही म्हणाले तोंडच उघडेना.

प्रणालीनं ओढणी कमरेले खोचली अन् वाढाले लागली. जशी आमच्याच घरची. तेवढ्यात बाबा सगळ्या पंगतीसमोर बोलले, "हे आमच्या आकूची मैत्रीण. हिनंबी फारम भरला होता."

भरला होता! संपलंच जसं काही. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मले. प्रणाली तुपाचं भांडं घेऊन उभी. म्हणे, "हो काका." अन् बाबाच्या वरणावर तूप सोडलं.

आईनं तिले आपल्याजवळ बसवून जेवू घातलं. "तू बी जाशीन बाई कधीतरी." तिनं डोळे पुसले. म्हणे, धूर झोंबून राहिला.

मी तिथं एक शब्द बोलायले पाहिजे होता. नाही बोलली. हार काढला तोही घरी आल्यावर.

२७ जानेवारी

वाचते ते डोक्यात राहत नाही. प्रणाली मात्र शांत. उशीरपर्यंत झोपते, मेसमध्ये दोनदा भात घेते. हिले टेन्शन कसं येत नाही!

२९ जानेवारी

झाली मुलाखत. बरी झाली. सेमाडोहचं बोलताना मी घाई केली नाही, मॅडमनंही मान हलवली.

प्रणालीची दुपारून होती. परत आली अन् गादीवर पडली. "बेकार गेली. अडखळलीच मी." मी म्हटलं, "जाऊ दे वं." पण आतून आनंद झाला. लाज वाटली, तरी झालाच.

४ फेब्रुवारी

झालं! माझंच झालं! बाबा फोनवर रडले. आई म्हणे, मारोती पावला. प्रणाली खोलीत नाचली, माझ्यापेक्षा जास्त नाचली. मी जाणार! मी खरंच जाणार!

६ फेब्रुवारी

कागदावर सही कराले मॅडमकडे गेली होती. त्या सहज म्हणाल्या, "प्रणालीचं मला कळलंच नाही. सत्तावीस तारखेला अर्ज मागे घेतला. कारणही सांगितलं नाही."

धावतच खोलीवर आली. ती कपडे वाळू घालून राहिली होती. लपवलं नाही तिनं.

"तुह्या बाबानं साऱ्या गावाले जेवू घातलं. मी कोणत्या तोंडानं जाऊ मुलाखतीले? अन् गेली असती तं जागा मलेच भेटली असती. तुले माहीत हाये."

माहीत हाये. पहिल्या दिवसापासून माहीत हाये.

मी तिले भैताड म्हटलं. तिनंही मले म्हटलं. लय भांडलो. बाजूच्या खोलीतल्या पोट्ट्या दारात येऊन उभ्या. तशीच परत मॅडमकडे गेली — मुलाखत परत घ्या, दोघींची. मॅडमनं चष्मा काढला. "तू हरशील. कळतंय ना?" म्हटलं, कळते.

सोमवारी घेणार आहेत. प्रणालीले मी हाताले धरून नेणार.

१० फेब्रुवारी

प्रणाली जाऊन राहिली जपानले.

रडली मी. मंग बाबाले फोन केला, सगळं सांगतलं. बाबानं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "तिच्या बाबाचा नंबर पाठव. माफी मांगाची हाये मले." पाठवला.