ठिणगी, सूत आणि माझी हरकत

३ नोव्हें., बोईसर
‘ओसरी’ या आमच्या ऑनलाइन गटावरचा चर्चेचा धागा पुन्हा तापलाय. ओसरीवर मराठी साइट बांधणाऱ्या सगळ्यांसाठी जावास्क्रिप्टची एकच लायब्ररी (तयार कोडचा संच) ठरवायची आहे: प्रशांतची ‘ठिणगी’ की परदेशी मंडळींची ‘सूत’. मताचा हक्क पाच जणांना. धाग्यावर ‘हरकत नाही’ किंवा ‘हरकत आहे’ लिहायचं. तीन ‘हरकत नाही’ झाल्या की ठिणगी पक्की. सध्या दोन-दोन. उरले मी. कुठून या पंचायतीत पडले!
प्र. कॉलेजपासूनचा मित्र. तारापूरच्या कंपनीत शिफ्ट करून उमरोळीच्या घरी एकट्याने ठिणगी लिहिली. निवड झाली तर एक संस्था त्याला पोसणार, मग नोकरी सोडून हेच काम. सगळं ओसरीला ठाऊक आहे.
संदीप (नवरा) विचारतो, तुझं घोडं कुठं पेंड खातंय? सांगितलं नाही.

५ नोव्हें.
इथं खातंय. जव्हारकडच्या शिवणवर्गाची साइट मीच ठिणगीवर बांधली. आज तिथे प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्या कांताचा फोन. “ताई, माजं नाव कांत कसं झालं? वर्गात पुरुष घेत नाय म्हणतात. मी बाई हाय ना.”
माझ्या फोनवर तोच अर्ज भरून पाहिला. मराठीत घाईने टाइप करून लगेच ‘पुढे’ दाबलं की शेवटचा काना नाहीतर वेलांटी गळते. रमाचा रम झाला. हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली.
सूत लावून पाहिली. नावं शाबूत. पण जव्हारच्या नेटवर्कवर पान उघडेस्तोवर चहा उकळून होतो. कांताने कंटाळून सोडूनच दिलं असतं. इकडे आड, तिकडे विहीर.
प्र.ला धाग्यावर विचारलं, मराठी टायपिंगमध्ये गडबड दिसते, बघशील? नाव बिघडतं हे लिहिलं नाही. चारचौघांत त्याचं नाक कशाला कापायचं.

९ नोव्हें.
प्र.चं उत्तर आलं एकदाचं. शिफ्ट बदलली होती म्हणे. ‘उशीर झाला, माफी. बघतो.’ मी मेथी निवडत होते. एका हाताने लिहिलं, ‘हरकत नाही.’

त्याच दिवशी, संध्याकाळी
केतकीने (नाशिकची, धागा तीच सांभाळते) जाहीर केलं: तिसरी ‘हरकत नाही’ आली, ठिणगी पक्की. खाली अभिनंदनांची रांग.
हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय.
केतकीला फोन केला. आधी हसली, मग म्हणाली, परवा संध्याकाळपर्यंत धागा उघडा ठेवते, पण लिहायचं तू. मी खोडलं तर माझ्यावर पक्षपाताचा आळ येईल.

१० नोव्हें.
लिहायला बसले होते तेवढ्यात प्र.चा फोन. आवाजच वेगळा. आजवर त्याला इतकं मोकळं बोलताना ऐकलं नव्हतं. “अश्विनी, तू होतीस म्हणून झालं. उद्या सकाळी राजीनामा टाकतो. आई म्हणते, जेवायला ये.”
मी हो म्हटलं. येते म्हटलं!! भित्री कुठली.
संदीपला सगळं सांगितलं. म्हणाला, आत्ता फोन कर. केला नाही. त्याच्या आईला ऐकू गेलं तर, जेवत असेल तर, असली कारणं.

११ नोव्हें.
दुपारी एकदाची टाकली. ‘माझी हरकत आहे. घाईत टाइप केलं तर नावाचं शेवटचं चिन्ह गळतं. कालची ओळ मत नव्हती, माफीला उत्तर होतं.’ कालची कुठली, परवाची. दुरुस्त करायचंही सुचलं नाही.

तासाभरात प्र. दारात. हेल्मेट हातात. पाणी नको म्हणाला.
“तोंडावर का नाय सांगितलंस? उमरोळी ते बोईसर, मधी एक स्टेशन तरी हाय का?”
कालचा फोन सोडला तर इतके दिवस आम्ही धाग्यावरच बोलतोय, हे मलाही तेव्हाच जाणवलं.
माझा फोन मागितला. अर्जात आईचं नाव टाइप केलं, जयवंती. ‘पुढे’ दाबलं. जयवंत. पुन्हा केलं, सावकाश. बरोबर आलं. पुन्हा घाईने. जयवंत. फोन उलटा ठेवला टेबलावर.
मग म्हणाला, राजीनामा सकाळीच दिला.

लॅपटॉप उघडून बसलाय जेवणाच्या टेबलाशी. चूक सापडेलही, आज नाही तर चार दिवसांनी. सापडली तरी मत बदलू का? पुढच्या वेळी कांताचा फोन आला आणि दुरुस्त करणारा हा एकटा, तोच आजारी असला तर? आणि सूत घेतली तर कांता…

केतकीचा मेसेज: धागा बंद करायचाय, तुझं शेवटचं काय?

प्र.ने मान वर न करता विचारलं, “काल फोनवर बोललो तवा तुला माहीत होतं?”
मी हो म्हटलं.
तो टाइप करत राहिला. केतकीला अजून काही कळवलेलं नाही.