लांबून बोलणारे पोस्टर

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार. (माझी कंबर धरली आहे, त्यामुळे उभ्यानेच घातलेला नमस्कार साष्टांग समजून घ्यावा.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहे, आणि ते आजच ठीक झाले म्हणून लगेच लिहायला बसलो.

ताईने नोकरी सोडून तलावावर मोठ्या बायकांसाठी पोहण्याचा वर्ग काढला, हे तुला ठाऊक आहेच. पोस्टर कोण करणार, तर घरचाच पेंटर, म्हणजे मी. आता तुझ्या भाच्याचा जन्म गेला कारखान्याच्या भिंतींवर 'हात घालू नये' नि 'येथे थांबू नये' रंगवण्यात. लांबून नजरेत भरायचे तर पिवळ्यावर तिरके काळे पट्टे आणि मध्ये लालभडक अक्षरे, यापलीकडे मला काही सुचतच नाही. त्याच थाटात लिहिले, 'पाण्यात या, भीती सोडा'. ताई म्हणाली, "उठून दिसतंय." माझी छाती फुगली.

पोस्टर फारच उठून दिसले. बायका पोरांचे हात धरून पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागल्या. रखवालदाराने (तो तिथलाच असून) फाटक लावून घेतले. एका आजोबांनी ताईला हळूच विचारले, "कोण बुडालं हो?" त्यात तलावाचे व्यवस्थापक म्हणाले, वर्ग भरला नाही तर सकाळची वेळ दुसऱ्या कुणाला देऊ. ताईचे जेवणावरचे लक्ष उडाले आणि मला घरात तोंड दाखवायला जागा उरली नाही.

शेवटी तुझ्या सूनबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. (प्रेमाने नव्हे.) म्हणाली, "अहो, तुमची अक्षरं 'या' म्हणतायत आणि रंग 'पळा' म्हणतोय. माणूस आधी रंगाचंच ऐकतो." तिने सगळीकडे फिकट निळा चढवला, अक्षरे पांढरी केली आणि कोपऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारी एक नारिंगी टोपी काढली. शब्द एकही बदलला नाही. तरी बायका थांबून वाचू लागल्या, आत येऊन चौकशा करू लागल्या, आणि आज वर्ग भरला. ताई मागून मागून जेवली. माझा जीव भांड्यात पडला. घरात मला रंगाला हात लावायची बंदी आहे, पण ती मी आनंदाने सोसतो आहे.

काकांना नमस्कार.

तुझा,
(सध्या बिनब्रशाचा) भाचा

ता. क. त्या टोपीखाली हसरा चेहरा हवा होता. घरातल्या फोटोंत सगळ्यांत हसरी तूच निघालीस, म्हणून सूनबाईने तुलाच रंगवले. बायका म्हणतात, या वयात या बाई पोहतात तर आपल्याला काय धाड भरली आहे? त्यांना तुला भेटायचे आहे. तेव्हा चार दिवस ये.

आणखी एक ता. क. तू बादलीतल्या पाण्यालाही बिचकतेस, हे मी कुणाला बोललो नाही. ताई म्हणते, मावशीचा हात मी सोडणार नाही. टोपी नारिंगीच आणून ठेवली आहे.

शेवटचा ता. क. हे पत्र मी आधी लाल शाईने लिहिले होते. सूनबाईने पाहिले आणि हातात निळे पेन देऊन सगळे पुन्हा लिहायला लावले. म्हणाली, "मावशींना बोलवायचंय ना?"