लुएलाबाईंची दुसरी आवृत्ती

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

प्रिय राजकुमारराव यांस,
साहेबरावांचा सप्रेम नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम आहे असं धरून चालतो (नसल्यास कळवू नये, तुमच्या बहिणीला पुण्याला यायला निमित्तच हवं असतं). इकडं आम्ही दोघं सुखरूप आहोत, पण गोंधळलेले.

कारण अर्थात तुम्ही. लुएलाबाईंच्या अल्बमची नवी आवृत्ती आम्हाला पाठवलीत आणि आमच्या लग्नात दिलेली जुनी रेकॉर्ड तिच्या बदल्यात कुरियरनं परत मागितलीत. आता आमच्या घरची रीत अशी, की सकाळी रत्नमाला रेकॉर्डवर सुई टेकवते आणि पोळ्या लाटायला घेते. पहिली बाजू संपली, की पोळ्या झाल्या. (सोल संगीत गाणाऱ्या या अमेरिकन बाईंना आपण कुणाचा गॅस बंद करतो याची कल्पना नसावी.) नवी लावली, तर बाजू संपेचना. एक गाणं झालं की तेच पुन्हा, जरा संथ. मग तेच, साथीशिवाय.

"अहो, हे मघाशी झालं की! अडकली का काय, बघा."

"अडकली नाही. हा पाठभेद आहे."

"असंल. पण माझी कणीक संपली ना!"

आणि तिनं आणखी कणीक भिजवली. तेव्हापासून आम्ही दोन्ही वेळा फोडणीची पोळी खातो.

वेष्टनावर लिहिलंय, की ही जादाची गाणी बाईंनी तेव्हा स्टुडिओत गाऊन बाजूला टाकली होती. माझी मती इथंच कुंठित झाली. आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी पोथ्यांत मागाहून घुसलेले प्रक्षिप्त श्लोक वगळण्यात हयात घालवली. तुमच्या रेकॉर्डवाल्यांकडं वगळलेलं शोधून आत घालतात आणि आवृत्ती परिपूर्ण झाली म्हणतात! मग मूळ संहिता कोणती? बाईंनी ठेवली ती, की टाकली तीसुद्धा? दोन्ही रेकॉर्डी आलटून पालटून ऐकल्या. निर्णय झाला नाही, पोळ्या मात्र झाल्या.

आपला,
साहेबराव

ता. क. सारांश, जुनी रेकॉर्ड मिळणार नाही. नवीच परत पाठवतो.

ता. क. २. रत्नमालेनं पत्र वाचलं. नवीही द्यायची नाही म्हणते. नव्या रेकॉर्डीत दोन गाण्यांच्या मध्ये लुएलाबाई ड्रमवाल्याला झापतात, ते तिला लई आवडलंय. तर एवढंच करा : बाई त्या अमेरिकन इंग्रजीत नेमकं काय म्हणतात, ते मराठीत लिहून ताबडतोब पाठवा. कालपासून रत्नमाला तेच मला, त्याच सुरात, ऐकवते आहे. मी दर वेळी "हो" म्हणतो, आणि कशाला हो म्हणून बसलोय ते मला अजून कळलेलं नाही.