पंचांचा खुबा

१४ जानेवारी १९९६, गडब

हे लंगडतात! विचारलं तर म्हणतात, "चप्पल चावते गो." म्हटलं, मग अनवाणी चाला. अनवाणीही लंगडले. आता म्हणे अंगणच वाकडं हाय!

अकरा वर्षांपूर्वी वडखळच्या नाक्यावर मोटारसायकलवरून पडले, तेव्हा मुंबईला डावा खुबा बदलला. धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी. त्या खुब्यावर कबड्डीचे पंच म्हणून गावोगाव उभे राहिले. ज्याला त्याला ऐकवायचं — "तुमची हाडं झिजतील, माझा खुबा कंपनीचा हाय!"

१९ जानेवारी

मोरूभावजी आले. तेही पंच. यांच्या जागेवर कधीपासून डोळा. "केरूभाऊ, सांध्यात ग्रीस भरून बघा."

हे विचारात पडले! मी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली लपवून ठेवली.

२ फेब्रुवारी

अंगणवाडीत सुट्टी टाकून यांना पेणला नेलं. हाडांच्या डॉक्टर भाग्यश्रीबाई, अगदी तरुण. आमच्या यांनी बसल्या बसल्या निकाल दिला — "सांधा मजबूत हाय, गोळी तेवढी द्या."

बाईंनी एक्स-रे उजेडाला धरला.

"सांधा आहे काका. भोवतालचं हाड राहिलेलं नाही."

खुब्याभोवती काळे खड्डे. उंदरानं कुरतडल्यासारखे! बाईंनी समजावलं — गोळा फिरून फिरून वाटी झिजते. तिची भुकटी पडते, डोळ्याला न दिसणारी. शरीरातल्या पेशी ती गिळतात, पण पचवता येत नाही. मग त्या चिडतात, आत सूज येते आणि त्या सुजेपायी हाड विरघळत जातं. बरीच वर्षं दुखतसुद्धा नाही.

हे म्हणाले, "म्हणजे झिजलं प्लास्टिक, आणि शिक्षा हाडाला?"

"हो."

"हा निर्णय साफ चुकीचा हाय!"

बाई हसल्या नाहीत. "पाय जरा चुकीचा पडला तरी मांडी मोडेल. ऑपरेशन परत करावं लागेल. तोवर मैदान बंद."

परतताना एसटीत हे वडखळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "रोह्याची स्पर्धा झाली की बघू."

३ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण! मी म्हटलं, घ्या मोडून मांडी, आणि आडवे पडून शिट्टी वाजवा. हे जेवणावरून उठले. थोड्या वेळानं दारात उभे — "सुकटीची चटणी उरलीय काय?"

११ फेब्रुवारी

मी अंगणवाडीत गेले तेवढ्यात हे रोह्याला गेले!!

संध्याकाळी जीपमधून आले. मोरूभावजींनी धरून उतरवलं. भर सामन्यात वळताना मांडीत कळ आली, मैदानातच खाली बसले. पुढची चढाई दिसलीच नाही. उरलेला सामना मोरूभावजींनी चालवला.

मी बोलायचं खूप ठरवलं होतं. चेहरा बघून आधी पाणी दिलं.

"मोरू हसला नाय गो," हे म्हणाले. "हसला असता तर बरं वाटलं असतं."

मग हळूच — "मुंबईची तारीख घे."

६ मार्च, मुंबई

झालं ऑपरेशन. जुनी वाटी काढली, खड्ड्यांत हाडाचा चुरा दाबून भरला, नवा खुबा बसवला. जुनी वाटी डॉक्टरांनी मला दाखवली. एका बाजूला पार पातळ झालेली. एवढ्याशा वस्तूनं माझा माणूस खाली बसवला! व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

आत आले तर हे अर्धवट शुद्धीत, नर्सकडे बोट करून ओरडतायत — "बाद! बाद! बाहेर जा!"

नर्स बिचारी खरंच बाहेर गेली.

२८ मार्च

घरी. चहा गार, उशी कडक, वॉकर कुरकुरतो. दिवसभर माझ्या चुका काढतात. मोरूभावजी पत्ते खेळायला येतात म्हणून जगतेय.

२१ एप्रिल

आज भलतंच झालं!

घरासमोरच्या मैदानात मुलींचे सामने. हे खिडकीशी खुर्ची टाकून. पंच काही येईना, पोरी ताटकळलेल्या. हे म्हणाले, "तू जाऊन उभी रहा. मी हितून सांगतो." काय होतंय कळायच्या आत शिट्टी माझ्या तोंडात!

पूजा नावाची पोर चढाईला गेली, परत फिरताना पार कडेच्या रेषेलगत आली. खिडकीतून आरोळी — "बाद!"

माझ्या डोळ्यांसमोर तिचा पाय. आतच.

मी म्हटलं, "नाबाद."

"मैना! बाद हाय!"

"तुमाला तिथून रेघ दिसत नाय! गप बसा!"

अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. मला घाम फुटला. पण शिट्टी शेवटपर्यंत मीच वाजवली.

चहा झाल्यावर हे बशी खाली ठेवून म्हणाले, "आत होता पाय?"

"आत."

"मग बरोबर."

५ मे

स्पर्धा समितीची माणसं आली. हे घाईनं दाढी करून, नवा सदरा घालून, काठी टेकत बाहेर आले. रोह्याला मुलींच्या सामन्यांना पंच हवाय.

यांना बोलवायला नव्हते आले. मला!