शब्दाच्या शेवटी बसलेली सासू

ती. आई,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. आणि लिहिलं असतं तरी तुम्ही त्यातही चूक काढली असतीत.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आज सकाळी सुनील म्हणाला, “तुझ्या क्लासचा बोर्ड बनवायला टाकतोय. आईचं नाव देऊ या ना! तिला इंग्लिशची किती आवड होती!” क्लास म्हणजे भांडुपच्या आपल्याच घरात, बाहेरच्या खोलीत, बिल्डिंगमधल्या लहान मुलांना मी इंग्लिश स्पेलिंग शिकवते तो. हो, मी! बसला ना धक्का? बोर्डावर तुमचं नाव येणार की माझं, हे तुमच्या मुलाला सांगायच्या आधी तुम्हालाच सांगते.

आठवतो स्वराचा पाचवा वाढदिवस? बेकरीवाल्यासाठी मी चिठ्ठी लिहिली. मी चिपळूणकडच्या गावातली, मराठी शाळेत शिकलेली. आमच्यात जे ऐकू येतं तेच लिहितात. केक ऐकला, के-ई-के लिहिला. तुम्ही ती चिठ्ठी फ्रिजवर लावलीत! मॅग्नेट लावून! आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी ती दाखवायचात. “आमच्या सूनबाईंचा केक बघा, फुगलाच नाही.” सगळे हसायचे आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी. हसणाऱ्यांत तुमचा मुलगाही असायचा, पण त्याचं उट्टं मी वेगळं काढतेय.

चिठ्ठी मी गिळलीही असती, आई. पण स्वरा पहिलीत गेली आणि तुम्ही फर्मान काढलंत, “अभ्यासाला हिच्याजवळ बसवू नका पोरीला. वाट लागेल तिची.” माझी पोर! मुलुंडच्या बाईंची शिकवणी लावलीत. न्यायला-आणायला मी, आणि घरी तिने वही उघडली की मला स्वयंपाकघरात पिटाळायचं. एकदा स्वरानेच मला विचारलं, “मम्मी, तू ढ आहेस का?” कुठून आलं ते तिच्या तोंडात? अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुमच्या फोटोला हार घालते, तरी नाही.

मग तुम्ही दुपारी आडव्या झालात की मी स्वराची पुस्तकं काढून बसायला लागले. मोबाईलवर बघायचे, ओठांतल्या ओठांत वाचायचे. असंच एकदा मला ती सापडली, शब्दाच्या शेवटी बसलेली मुकी ई!

कॅप लिहा, सी-ए-पी. शेवटी ई आणून बसवा, झाला केप! ई स्वतः अवाक्षर काढत नाही, पण ती येऊन बसली की मधली ए मुकाट्याने आपलं नाव घेते, ‘ए’! मी एकटीच हसत सुटले. अहो, ही तर हळदीकुंकवातली सासू! ती समोर बसली की सुनेची सुटका नाही, नाव घ्यावंच लागतं. फरक एवढाच, की ही सून नवऱ्याचं नाही, स्वतःचं नाव घेते.

तुम्ही गेलात आणि मी क्लास काढला. फळ्यावर शेवटची ई काढली की पोरं ओरडतात, “सासू गप्प!” आणि सगळ्यांची बोटं ओठांवर. केक, गेट, नेम, लेक. उभ्या जन्मात जे तुम्हाला जमलं नाही, ते आता तुम्ही रोज संध्याकाळी करता. किती गार वाटतं म्हणून सांगू!

“टीचर, सासू कधीच नाही बोलत?” तळमजल्यावरच्या आर्यनने विचारलं.

“नाही.”

“का?”

“आधी खूप बोलून झालंय रे तिचं.”

पण परवा स्वराने पेचात पकडलं. आठ वर्षांची झालीय, जीभ तुमचीच. मागच्या रांगेतून म्हणाली, “मम्मी, सासू म्हणजे आपली आजी ना? मग आजी नसली तर ए नाव घेऊच नाही शकत?”

मी खडू उचलला. मेल्यावरही ही बाई जिंकणार की काय!

मग फळ्यावर लिहिलं, आर-ए-आय-एन. रेन. इथे ए नाव घेतेय, आणि शेवटी ई नाही.

“बघ गं, ए च्या शेजारी कोण बसलंय?”

“आय.”

“आणि माझ्या गावाला आईला काय म्हणतात?”

“आय!” सगळा वर्ग खिदळला.

“मग!” मी चटईवर टेकले. “पोरीजवळ तिची आय बसली ना, की सासू लागत नाही.”

स्वरा उठली, वही घेऊन पुढे आली आणि माझ्या चटईवर बसली. “सरक ना,” म्हणाली. मी सरकले. तुम्ही हे बघायला हवं होतंत, आई. तुम्हाला दिसावं म्हणून मी मुद्दाम फोटोकडे बघितलं.

बोर्डावर माझं नाव येणार. सुनील दोन दिवस तोंड फुगवून बसेल, बसू दे. तुम्हाला मात्र वचन देते. तुम्हाला क्लासमधून कधी काढणार नाही. रोज शब्दाच्या शेवटी मानाने बसवीन, आणि एक अक्षर बोलू देणार नाही.

स्वराची आय,
वंदना