देवराईत लावलेली आईची मिरवेल

मडिकेरी, कोडगू

प्रिय तंकमताई,

तुझ्या पायांना हात लावून लिहितो. माझा खोकला आता कमी आहे, काळजी करू नकोस.

मंगळवारी सकाळी दिवा लावून बागेत गेलो, तर आईच्या मिरवेलीच्या पानांनी माना टाकल्या होत्या. आपल्या गावच्या घरची वेल ज्या मूळकुजीने गेली, तोच हा रोग. आईच्या हातच्या वेलीची आता ही एकच फांदी उरली.

शेतीखात्याच्या बाई म्हणाल्या, "औषधं ओतून मातीतले राखणदारच मारलेत तुम्ही! देवराईच्या मातीतले सूक्ष्म जीव एकमेकांना रोखायला विषारी रस सोडतात. म्हणून तिथे कुजवणारी बुरशी माजत नाही."

पण देवराईतून चिमूटभर मातीही आणायची नाही, हा इथला नेम. तिथले पुजारी बोपय्या हसले. "आणू नकोस. लावायला कोण अडवतंय? पण रुजेल ते देवाचं हं. मिरी तोडायला आलास, तर ही काठी बघून ठेव!"

त्या मिरीशिवाय तुला माशाची आमटी गोड लागत नाही, ठाऊक आहे. गुडघा कसा आहे गं?

ताई, काल वेलीचे हिरवे राहिलेले शेंडे कापले आणि अय्यप्पाला हात जोडून देवराईत फणसाखाली लावून आलो. मिरी आपली राहिली नाही. वेल राहील.

तुझा धाकटा,
अच्युतन