एक दिवसाचा घाटी

५ ऑगस्ट, सोलापूर

दुपारी बाबांचा फोन. खांदा आता वर होत नाही म्हणाले. "नारळी पुनवेच्या आदी ये. होडयेचा काय ता ठरवूया." एवढंच बोलले आणि ठेवला.

काय ठरवायचं ते कळलं मला. होडी मी घ्यायची, गावी तोंडवलीत राहायचं. आणि इकडे आमच्या खानावळीच्या मालकाचा भाऊ हिमाचलात हॉटेल काढतोय. आचारी म्हणून मला न्यायला तयार आहे. खिडकीतून बर्फाचे डोंगर! दर्यावर जगणाऱ्या गाबताचा पोरगा आणि डोंगराचं वेड — घरी हसतील.

नाही म्हणायचं. पण तोंडावर. फोनवर नाही.

६ ऑगस्ट, राधानगरी

सायकल रात्रीच्या एसटीच्या टपावर टाकली. सकाळी कोल्हापूर. तिथून चालवत इथपर्यंत. आता देवळात पडलोय.

दुसऱ्या एसटीत बसलो असतो तर एव्हाना घरी. पण मग 'नाही' तयार व्हायच्या आधीच मी पोचलो असतो.

७ ऑगस्ट, आचऱ्याच्या पुलावर बसून

दाजीपूरच्या जंगलात धुकं एवढं की पुढचं चाक दिसेना. रस्त्याकडेला काळा दगड दिसला. जवळ गेलो तर दगडाने मान वळवली — गवा! माझ्याकडे बघितलं, काही खास नाही असं वाटलं असणार, परत चरायला लागला. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मग फोंडा घाट. पॅडल मारायचं कामच नाही. मी वरून खाली, धुकं खालून वर. मधेच फाटलं तर खाली सगळी दरी भरतीसारखी भरलेली, डोंगरांची टोकं बेटांसारखी वर. वाटलं, हे असंच चालू राहावं. खाली काही नसावं.

उतरता उतरता म्हणून बघितलं, मोठ्याने. बाबा, मी येणार नाही. बाबा, माझं मन नाही तिथे. बाबा, होडी नितेशाला द्या — नितेश माझा चुलतभाऊ, त्याला दर्या सोडून काही सुचत नाही. प्रत्येक वळणावर वेगळं. शेवटच्या वळणापर्यंत बरं जमलं होतं.

फोंड्यात टपरीवर चहाला थांबलो. बाईने विचारलं, "खंयसून इलास?"

माझ्या तोंडातून निघालं, "सोलापूरहून आलोय की."

मलाच ऐकून कसंतरी झालं. भटारखान्यात राहून जीभच फिरलीय. ती लगेच शाळेतल्या बाईंसारखी बोलायला लागली. "समुद्र बघायला चाललात काय? पाण्यात उतरू नका हां. तुमच्या घाटावरच्या लोकांना पाणी कळत नाही. वरून गप्प दिसतं आणि खालून ओढून नेतं."

मी मान हलवली. आमचा आजा पाण्यातच मोठा झाला, तिथेच गेला.

ती आत नवऱ्याला म्हणाली, "घाट्याच्या च्यायत साखर वायच जास्त घाला."

"सायकलीन इलो? ह्या पावसात? येडो आसा काय?"

"येडोच दिसता. पण गरीब आसा."

"हळू बोल गो शेवंते, ऐकता तो."

"त्येका खंय कळता आमचा!"

मी कपात तोंड घालून हसत होतो. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आणि मग गंमतच वाटायला लागली. नांदगाव, कणकवली, सगळीकडे घाटीच राहिलो. माहीत असलेले रस्ते विचारले. कुंपणाला रचलेले चिऱ्याचे लाल गडगे, वाफ्यातलं पाणी, काजीची झाडं — जन्मात बघितली नसल्यासारखी बघितली. आपलाच मुलूख, पण माझ्याकडे कुणाचं काही काम नाही. असं कधी वाटलं नव्हतं.

इथे पुलावर एक म्हातारा गरी टाकून बसला होता. तोच खेळ केला. "तोंडवलीला होडीतून कोण फिरवतं हो?"

"रामचंद्राकडे जा. पण आता फिरवता काय नाय, काय म्हायत. खांदो गेलो त्येचो. तरी दिसभर बसान नवीन जाळां विणता. झिलासाठी. झील खंयसो सोलापुराक भांडी घासता."

"मुलगा आचारी असेल," मी म्हणालो.

"आसात. पुनवेक येता म्हणे. रामचंद्र भेटात त्येका सांगता — झील येता माझो, झील येता."

म्हातारा गेला. मी अजून इथेच आहे. घाटात बनवलेलं 'नाही' एकही आठवत नाहीये.

त्याच दिवशी, घरी

आयने डोक्यावरून हात फिरवला. "सुकलंस रे."

बाबा खरंच जाळं घेऊन बसलेत. डावा हात तेवढा चालतो, उजवा मांडीवर. होडीचं अक्षर काढलं नाही. मीही नाही. घाटाचंच विचारत राहिले. गवा केवढा होता? धुक्याला वास येतो काय? आत गेल्यावर कपडे भिजतात? मी सांगत होतो आणि त्यांच्या गाठी चुकत होत्या. नऊ वाजले तरी, "मगे? मगे?"

उद्या सकाळी सांगणार.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दर्याला नारळ दिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी नवीन जाळं उचललं आणि नितेशाच्या खांद्यावर ठेवलं. "होडी त्येका दिलंय. तू इलंस की तुझ्यासमोर देवया म्हटलंय." बस. झालं.

परतताना बाबा वाळूत थांबले. दर्याकडे पाठ करून उभे राहिले. आज आभाळ मोकळं होतं. लांब, माडांच्या मागे घाट दिसत होते.

"जल्मभर होडयेतसून तेच बघीत इलंय. ते बघूनच घराची वाट गावता. पण कदी गेलंय नाय. तुझ्या सायकलीर माका नेशीत?"

दोन्ही चाकांत हवा भरून ठेवलीय. मागच्यात जरा जास्त.